सत्याहत्तर नंबरचं उत्तर

कृष्णातला खोटं बोलता येत नाही. लोक म्हणतात हा त्याचा गुण आहे. पंधरा वर्षं त्याच्याबरोबर काम करून मी सांगते, हा त्याचा आजार आहे. बाहेरून तपासणीला आलेले साहेब "लॅब छान ठेवलीय" म्हणाले, की हा मागून "त्यातली सात मशीनं बंद हाईत सर" म्हणून मोकळा. असा हा माणूस आयुष्यात एकदाच खोटं बोलला, तेही मरणाऱ्या माणसाशी, आणि ते खोटं दोन वर्षं त्याच्या मानगुटीवर बसलं होतं. ते उतरलं कसं हे मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहायला बसले.

कृष्णात आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचा सहायक. मी त्या लॅबची प्रमुख, सोनल मॅडम. तापट म्हणून माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही. तो मूळचा नेसरीचा, घरी दोन म्हशी आणि थोडं रान. बारावी झाल्यावर कोल्हापुरात आला तो परत गेला नाही. मंगळवार पेठेत वरच्या मजल्यावर दोन खोल्या, बायको संयोगिता अंगणवाडीत. शर्टाच्या खिशात पेनच्या जागी स्क्रूड्रायव्हर. खुर्चीवर बसायचं त्याला वावडं आहे. टेबलाखाली उकिडवा बसेल, पण खुर्ची नको. लॅबमधल्या मुलांशी अरे-तुरे आणि कॉम्प्युटरशी अहो-जाहो. "उठा की आता, किती झोपताय," असं टेबलाखालून ऐकू आलं की समजायचं, कृष्णात कामावर आलाय.

त्याला हे काम शिकवलं बाळासो काकांनी. काका त्याच्याआधीचे सहायक. शिक्षण दहावी, पण हात असा की मेलेलं मशीन उठवायचे. ऑफिसनं टाकून दिलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरच्या डब्यातून त्यांनी लॅबसाठी सर्व्हर बांधला होता आणि तो बारा वर्षं चालला. कामही साधं नाही. आम्ही एक कॉम्प्युटर सगळा तयार करतो, मग त्याची जशीच्या तशी प्रत वायरीतून बाकीच्या कोऱ्या कॉम्प्युटरवर टाकतो. याला आम्ही इमेज टाकणं म्हणतो. कोऱ्या मशीनच्या पोटात काहीच नसतं, म्हणून ते चालू झाल्याबरोबर वायरीत हाक मारतं आणि सर्व्हर उत्तर देतो. काकांनी हे कृष्णातला समजावलं होतं ते असं:

"ह्ये बग, कोरं मशीन म्हंजे गावात आलेलं पावणं. त्येला काय म्हाईत न्हाय. वेशीत हुबं ऱ्हाऊन हाक मारतंय, कोण हाय का? आपल्या सर्व्हरनं म्हणायचं, या पावणं, ह्यो तुमचा पत्ता, ह्ये तुमचं जेवाण. पण ध्यानात ठेव, जो पयला ओ देतोय त्येच्याकडंच पावणं जातंय. मग दुसऱ्यानं कितीबी चांगलं रांधू दे."

आणि काकांनी तसंच करून ठेवलं होतं. त्यांच्या सर्व्हरवरून मशीन उठलं की काळ्या पडद्यावर पहिली ओळ यायची, इंग्रजी अक्षरांत पण आपल्या भाषेत: "या पावणं. आधी पाणी प्या." मुलं हसायची. सर्व्हरच्या पत्त्याचा शेवटचा आकडाही त्यांनी सत्याहत्तर ठेवला होता, कारण त्यांच्या एम-एटी गाडीचा नंबर सत्याहत्तर.

खंडेनवमीला लॅबमध्ये पूजा व्हायची. स्क्रूड्रायव्हर, पक्कड, वायरीला टोपी बसवायचं हत्यार आणि मधोमध तो सर्व्हर, बंद करून, हळदकुंकू लावून. दसऱ्याला कॉलेजला सुट्टी. तरी काका सकाळी येऊन तो चालू करायचे. पुजलेलं हत्यार दसऱ्याला चालवायचं, नाहीतर रुसतं, असं त्यांचं म्हणणं.

ते निवृत्त झाले आणि मूत्रपिंडाच्या आजारानं खाटेला खिळले. कृष्णातनं नवा सर्व्हर बसवला, पत्ता दहा नंबर. श्रावणात त्यानं आमच्या आक्काला सांगितलं, काकांचं जुनं मशीन भंगारवाल्याला देऊन टाक. आक्का म्हणजे लॅब झाडणारी बाई. कॉलेजच्याच आवारात, रखवालदाराच्या खोलीत राहते. नवरा गेल्यापासून किल्ल्यांचा जुडगा तिच्याच कमरेला. मग दोन महिन्यांनी दसरा आला. कृष्णात आपट्याची पानं घेऊन काकांना सोनं द्यायला दवाखान्यात गेला. काकांनी पानं हातात घेतली आणि विचारलं, "मशीन चालू केलंस न्हवं? आज दसरा." कृष्णात म्हणाला, "व्हय काका, चालू हाय." काकांनी डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी ते गेले.

हे सगळं मला खूप नंतर कळलं. पण तुम्हाला आत्ताच माहीत असलेलं बरं, नाहीतर पुढं त्यानं जे केलं त्यावर तुम्हीही माझ्यासारखेच उगाच भडकाल.

यंदा दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी आमच्याकडं ऑनलाइन परीक्षेचं केंद्र होतं. चाळीस कॉम्प्युटर, त्यातले अठ्ठावीस नवे, बारा जुने. परीक्षेवाल्यांनी दिलेली इमेज सगळ्यांवर रविवारपर्यंत पडायलाच हवी होती, नाहीतर केंद्र रद्द आणि मुलांना सांगलीला धाडणार. दोन दिवसांचं काम. मंगळवारी सकाळी कृष्णातनं सुरुवात केली.

पहिल्या रांगेतली सात मशीनं सरळ झाली. आठवं चालू केलं, ते थोडं थांबलं आणि पडद्यावर पांढरी ओळ आली, की सुरू व्हायची फाइल मिळाली नाही. कृष्णातनं वायर बदलली. तीच ओळ. लॅबच्या वायरी जिथं एकत्र येतात त्या स्विचवरचं भोक बदललं. तीच ओळ. मशीनच्या सेटिंगमध्ये शिरून नेटवर्कवरून उठायचं पहिलं ठेवलंय का पाहिलं, ठेवलं होतं. नवी मशीनं अनोळखी फाइल घेत नाहीत, तसलं एक कुलूप असतं, तेही काढलं. मग वैतागून काहीच न बदलता परत चालू केलं, तर झालं. नववं होईना. दुपारी पाच मशीनं झाली, संध्याकाळी एकही नाही. जे मशीन सकाळी उठत होतं तेच दुपारी उठेना.

मी म्हटलं, "तुझा सर्व्हर बिघडलाय."

"सर्व्हर ठीक हाय मॅडम."

"मग मशीनं बिघडलीत का अठ्ठावीस?"

तो टेबलाखाली शिरला. मला वाटलं, रागावला असेल. मी घरी आले. आम्ही जैन, आमच्याकडं सूर्य मावळायच्या आत जेवण होतं, त्यामुळं कितीही आग लागली तरी साडेपाचला मला निघावंच लागतं.

बुधवारी लॅबमध्ये गेले, तर तो एका पडद्यासमोर चक्क खुर्चीवर बसलेला. मी जवळ गेल्याबरोबर त्यानं बटण दाबून मशीन बंद केलं. मी विचारलं, काय होतं? तो म्हणाला, "बघाय लागलोय." चेहरा पांढराफटक. दिवसभरात त्यानं चार मशीनं केली. प्रत्येक वेळी ओळ आली की तो पुढं वाकून काहीतरी वाचायचा आणि मी दिसले की बंद करायचा. मी त्याला नको ते बोलले. त्यानं डबासुद्धा उघडला नाही. आजवर बरोबर बाराला डबा उघडणारा माणूस.

गुरुवारी मीच एक मशीन चालू केलं. शेवटच्या रांगेतलं, जुन्या बारापैकी. लॅबमध्ये दुसरं कुणी नव्हतं, उन्हामुळं खिडक्यांचे पडदे ओढलेले. काळा पडदा थोडा वेळ तसाच राहिला. मग वरच्या कोपऱ्यात एकेक अक्षर उमटलं.

"या पावणं. आधी पाणी प्या."

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. मी विज्ञानाची पदवीधर आहे. पण हातातली किल्ली खाली पडली आणि ती उचलायला वाकायचं धाडस मला झालं नाही. ज्या मशीनमधून ही ओळ यायची ते भंगारात गेलं होतं, आणि ज्यानं ती लिहिली त्याला मी स्वतः पंचगंगेच्या घाटावर पोचवून आले होते. मागं कृष्णात उभा होता. केव्हा आला कळलं नाही.

"दिसलं न्हवं तुमास्नी बी?" तो म्हणाला. "मला वाटलं, मला एकट्यालाच दिसतंय."

नव्या मशीनांना काकांची जुनी फाइल चालत नव्हती, म्हणून ती नुसती अडायची. जुन्यांना चालत होती, म्हणून ती बोलली. हे मला आता लिहिताना सुचतंय. तेव्हा मी जिन्यातून खाली येईपर्यंत णमोकार म्हणत होते, आणि हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी निघाले आणि डब्याची पिशवी विसरली म्हणून परत फिरले. लॅबच्या दारात आले तर आत बोलण्याचा आवाज. कृष्णात पडद्यासमोर बसून हलक्या आवाजात बोलत होता. "सोडा की आता काका. चुकलं माझं. सोमवारी पोरांची परीक्षा हाय." पडद्यावर दर सेकंदाला एक ओळ खाली सरकत होती. त्यानं सत्याहत्तर नंबरला हाक मारत ठेवली होती. वायरीतून एखाद्या पत्त्याला अशी हाक मारता येते आणि त्या पत्त्यावर कुणी असेल तर ते उत्तर देतं. उत्तर येत होतं. प्रत्येक सेकंदाला.

"मॅडम, बगा. हाक मारली की ओ देत्यात."

मी तशीच बसले. जेवणाची वेळ गेली तरी उठले नाही. तेव्हा त्यानं मला दवाखान्यातली गोष्ट सांगितली. सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता, त्या सरकणाऱ्या ओळींकडं बघत होता.

"मरत्या मानसाला मी फसवलं. चालू हाय म्हटलं. आता बगा, त्येनी चालूच ठेवलंय. म्हनत असतील, बोललास न्हवं, मग घे."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. पण मी शेवटी मीच. म्हटलं, "कृष्णात, उत्तर येतंय म्हणजे वायरीच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी आहे. मुख्य स्विचमध्ये चोवीस वायरी आहेत. एकेक काढ. जी काढल्यावर उत्तर थांबेल ती धरून जा. हे तूच मला शिकवलंयस. बुधवारीच का नाही केलंस?"

त्यानं वायरींच्या गुंत्याकडं पाहिलं.

"वायर काढली आन् थांबलं तर?"

"थांबायलाच हवं."

"मग त्ये परत जातील की मॅडम," तो म्हणाला.

सकाळी आठला ये, एवढंच मी सांगितलं. घरी आले तेव्हा अंधार पडला होता. त्या दिवशी मी उपाशी झोपले, आणि झोपले म्हणायचं एवढंच.

शनिवारी आठला मी पडद्यासमोर बसले आणि तो स्विचखाली उकिडवा बसला. एक वायर काढायची, मी "येतंय" म्हणायचं, मग त्यानं ती परत लावायची. एक. येतंय. दोन. येतंय. त्याच्या कपाळावर घाम होता आणि वायर काढताना तो दर वेळी डोळे मिटत होता. दहा. येतंय. पंधरा. येतंय. एकोणिसावी काढली आणि ओळी थांबल्या.

मी बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती, माझ्या गप्प राहण्यानंच त्याला कळलं. त्यानं घाईनं वायर परत खोचली. ओळी पुन्हा सुरू झाल्या. त्यानं श्वास सोडलेला मला ऐकू आला.

एकोणीस नंबरची वायर भिंतीवरून छताला गेली होती आणि तिथून मागच्या स्टोअरमध्ये. काकांच्या काळात सर्व्हर तिथंच असायचा. आता तिथं फिनेलचे कॅन आणि गॅदरिंगचे जुने फलक. किल्ली आक्काकडं, आणि आक्का दसऱ्यापासून लेकीकडं मलकापूरला. खिडकीतून पाहिलं तर तिच्या खोलीचं दार उघडं होतं. सकाळच्या एसटीनं ती नुकतीच आली होती. हाक मारली तशी किल्ल्या वाजवत वर आली. आम्हा दोघांचे चेहरे बघून तिनं विचारलं, "कोण गेलं?"

कुलूप उघडलं. आत उदबत्तीचा शिळा वास होता. फलकांच्या मागून बारीक घरघर येत होती, म्हातारं माणूस झोपेत घोरतं तशी. कृष्णात पुढं जाईना. मीच फलक बाजूला केले. मागं एक पिवळा खण पांघरलेला डबा, वर सुकलेला झेंडू, समोर हळदकुंकवाची बोटं, आणि खणातून दिसणारा एक हिरवा दिवा.

"आगं बया, चालूच ऱ्हायलं व्हय!" आक्का म्हणाली.

कृष्णातनं तिच्याकडं पाहिलं. "आक्का, ह्ये भंगारात दे म्हटलतं न्हवं मी?"

"पूजेतली वस्तू भंगारात घालत्यात व्हय रं?" आक्का उलट त्याच्यावरच उखडली. "बारा वरसं हळदकुंकू लावलंय त्येला. त्येचा त्यो टीव्हीवानी पडदा दिला भंगारवाल्याला, डबा ठेवला. बोललं तर तू वरडशील म्हनून गप बसलो. दसऱ्याला काका चालू करायचं, ते खाटंला पडल्यापासनं मी करतो. सकाळी चालू करायचं, सांजंला दसरा चौकात सोनं लुटाय जायच्या आदी बंद करायचं. यंदा दुपारीच लेकीचा फोन आला, दिवस भरलं म्हनून. गेलो तशीच एसटीला. बंद करायचं डोसक्यातच न्हाय आलं. नातू झाला."

म्हणजे हे मशीन दर दसऱ्याला उठत होतं. फक्त त्या दिवशी कॉलेजला सुट्टी, हाक मारायला कुणी पावणं नसायचं, म्हणून कुणाला कळलं नाही. यंदा ते नऊ दिवस जागं राहिलं आणि जमेल तेव्हा दहा नंबरच्या आधी ओ देऊन आमच्या पावण्यांना आपल्या घरी घेऊन जात राहिलं. मला हसायला आलं. चार दिवसांचं सगळं हसू एकदम आलं. आक्काही हसली. कृष्णात हसला नाही. त्यानं स्टोअरमधला एक जुना मॉनिटर ओढून त्या डब्याला जोडला आणि जमिनीवर बसून काहीतरी टाइप करू लागला.

"काय करतोस?"

"त्यो कधी उठला, कधी झोपला, सगळं लिहून ठेवतोय मॅडम. काकांनीच तसं केलंय."

आतल्या घड्याळाचा सेल कधीच मेला असणार, पण मशीन उठलं की कॉलेजच्या नेटवर्कवरून आपली वेळ लावून घ्यायचं. तीही काकांचीच करणी. पडद्यावर तारखा आल्या. यंदाचा दसरा. गेल्या वर्षीचा दसरा. त्याच्या वर, दोन वर्षांपूर्वीचा. चोवीस ऑक्टोबर. चालू, सकाळी दहा बावीस. बंद, संध्याकाळी पाच एक्केचाळीस.

त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, दवाखान्यात भेटायची वेळ चार ते पाच हुती."

मी वाकून पाहिलं. मला एवढंच म्हणता आलं, "हो रे."

"मी बोललो तवा चालू हुतं."

"हो."

आक्काला काही कळत नव्हतं, पण तिनं डोळ्याला पदर लावला. कृष्णात उठला, लॅबमध्ये गेला आणि माठातलं एक भांडं पाणी उभ्यानंच प्यायला. परत आला. मशीनसमोर बसला आणि म्हणाला, दवाखान्यात म्हणाला असेल तसंच, "व्हय काका. चालू हाय." मग त्यानं ते नीट बंद केलं. हिरवा दिवा गेला. एकोणिसावी वायर त्यानं स्वतःच्या हातानं ओढून काढली, आणि या वेळी डोळे मिटले नाहीत.

सगळी मशीनं रविवारी दुपारपर्यंत झाली. सोमवारी परीक्षा वेळेवर सुरू झाली. बाहेरून आलेले साहेब म्हणाले, तयारी उत्तम आहे. कृष्णात मागून म्हणाला, "मंगळवारपासनं शनिवारपातूर निम्मी बी धड चालत नव्हती सर." मी त्याला बाहेर काढलं.

डबा अजून स्टोअरमध्येच आहे. आक्कानं विचारलं, पुढच्या दसऱ्याला काय करायचं? कृष्णात म्हणाला, "मी येतो सकाळी. चालू करायचं. वायर तेवढी लावायची न्हाय."